मोक केलसोमनं उचकटलेल्या फळ्या

मोक केलसोम (मोक म्हणजे मावशी) वर्गात आली तेव्हा तिच्या कपड्यांना तळलेल्या माशांचा वास येत होता आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. नदीकाठच्या आमच्या संग्रहालयात दर शनिवारी सकाळी तासभर मी मलेशियातल्या आमच्या तेरेंगानूच्या दर्यावर्दी लोकांचा इतिहास शिकवायचो. पुढचे तीन तास मागच्या शेडमध्ये जुने कारागीर पोक जुसोह (पोक म्हणजे काका) होडी बांधायला शिकवत. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराला पुन्हा ऐकणारे कान मिळाले होते, आणि ही बाई पहिल्याच दिवशी मला मध्येच तोडून म्हणाली, "चेगू, आपल्या होड्या सयामला मीठ न्यायच्या नाहीत, तिथून मीठ आणायच्या. माझ्या बापानं पाठीवर वाहिलंय."

घरी जाऊन वह्या काढल्या. तिचंच बरोबर होतं. पण मी ते तिला सांगितलं नाही.

ती सत्तावन्न वर्षांची. पुलाजवळ केरोपोक, म्हणजे माशांच्या लगद्याच्या वळलेल्या कांड्या, तळून विकायची. बाप दुयोंग बेटावर होड्या बांधायचा. लहानपणी गेलाम झाडाची साल सोलून वाळवायचं काम तिचं. ती फळ्यांच्या सांध्यात बसवायचं काम भावांचं. पोरीनं होडीला हात लावायचा नाही, असा बापाचा कडक नियम होता. पुढे एक भाऊ क्वालालंपूरला टॅक्सी चालवायला गेला, दुसरा एसी दुरुस्त करायला. शिकलं कुणीच नाही. जिला शिकायचं होतं, ती मासे वळत बसली.

पोकनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की वर्ग संपला की एकाला ते दुयोंगच्या आपल्या कारखान्यात घेतील. तिथे मासेमारीची खरीखुरी मोठी होडी बांधायला घ्यायची होती. आम्ही अकरा शिकणारे होतो (मीही इतिहास संपला की तिथे लुडबुडायचो). केलसोम सगळ्यांसमोर म्हणाली, "ती जागा मला हवीय." वर्गातली कॉलेजची पोरं हसली. हसलो मीही.

आमच्याकडे होडीचा नकाशा काढत नाहीत. बाहेरच्या फळ्या एकावर एक चढवायच्या, आतल्या फासळ्या सगळ्यात शेवटी. फळीच्या कडेला गिरमिटानं भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि दोन फळ्यांमध्ये गेलामच्या सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे घालायचे. होडी पाण्यात गेली की कोरडी साल फुगते आणि सांधा घट्ट बंद होतो. केलसोमचा हात यात इतका सफाईदार होता की सहाव्या आठवड्यात पोकनी शेडमध्ये आम्ही बांधत होतो त्या होडीचा एक अख्खा सांधा तिला एकटीला दिला.

तिथंच घोटाळा झाला. वाळलेली साल मध्येच संपली. पोकना विचारायचं तिला जिवावर आलं, म्हणून आदल्या दिवशी सोललेली ओली सालच तिनं भरली. ओली साल आधीच फुगलेली असते. नंतर ती सुकते, आकसते आणि मग पाण्यात गेली तरी दाब धरत नाही. नवव्या आठवड्यात तिनं आपल्या सांध्यात नारळाचा हीर घालून पाहिला. तो बोटभर आत गेला. तोवर वर आणखी तीन फळ्या चढल्या होत्या.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी तर नक्कीच बसलो असतो. तिनं सगळ्यांना गोळा करून तो हीर दाखवला. संग्रहालयाच्या प्रमुख वान नोरिहान म्हणाल्या की होडी नव्या दालनात मांडायची आहे, पाण्याचा प्रश्नच नाही.

"राहू दे," पोकही म्हणाले. "दालनात सांध्यातून काय धूळ आत येणार?"

"पोक, आपण होडी बांधतोय का कपाट?" ती म्हणाली. "कपाट असेल तर तसं सांगा, मी घरी मासे वळत बसते."

"ज्याचा सांधा गळतो त्याला मी कारखान्यात घेत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर उचकटतेय."

पुढचे तीन शनिवार तिनं पाचरी ठोकून चारही फळ्या सोडवल्या, मोडलेल्या खुंट्या गिरमिटानं कोरून काढल्या आणि मासे वाळवायच्या मांडवावर साल कडक वाळवून आणली. पोरं चिडवायची की हिची गिऱ्हाइकं आता साल चघळतात. ती म्हणायची, चघळू देत, पैसे तेवढेच घेते. वान नोरिहानच्या मागे लागून तिनं होडी तासभर नदीत सोडायची परवानगीही काढली. त्या बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

भरतीला आम्ही होडी पाण्यात लोटली. पोक, केलसोम आणि मी आत बसलो. ती आपल्या सांध्यावर तळहात ठेवून होती. पाव तास गेला, अर्धा तास गेला. हात कोरडाच. मला इतका आनंद झाला की मिठाचं तिचंच खरं होतं, हे मी तिथंच सांगून टाकलं.

तेवढ्यात माझ्या पायाला ओल लागली. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, कण्याला लागून पाणी झिरपत होतं. ती पहिली फळी. ती पोकनी स्वतः बसवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता.

होडी काठाला ओढली. वान नोरिहान घाईघाईनं म्हणाल्या की एवढंसं पाणी म्हणजे काहीच नाही, दालनात कळणारसुद्धा नाही. मला वाटलं, आता केलसोम पोकना धुऊन काढणार. मी असतो तर सोडलं नसतं.

ती गुडघ्यांवर बसली, बोटानं सांधा चाचपला आणि पोककडे वळून पाहिलं.

"हात थरथरतात गं हल्ली," पोक हळूच म्हणाले. "साल सरळ बसत नाही. वर्षभर कुणाला कळू दिलं नाही." मग म्हणाले, "सोमवारी दुयोंगला ये. मोठ्या होडीचे सांधे तू भर."

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं जे हवं होतं ते तिच्यासमोर होतं.

"येईन," ती म्हणाली. "पण सोमवारी नाही. आधी ही तळाची फळी उचकटू. तिच्यावर सात फळ्या आहेत, पोक, महिना जाईल." आणि पाचरीसाठी तिनं हात पुढे केला.