शिशाच्या घरातली मिसरीची डबी

सुग्रीवमामा आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. तिथं नेमकं काय चालतं असं सिरसाळ्याच्या पाहुण्यांनी विचारलं, की ते सांगायचे, "धातूला न्यूट्रॉन खाऊ घालायचे. खाल्ले की तो गॅमा किरणांचा ढेकर देतो. आमी ढेकरा मोजतो. त्याच्यावरून कळतं, धातूला भूक किती हाय."

या भुकेला धनश्री मॅडम क्रॉस सेक्शन म्हणत आणि तिच्यावर पीएच.डी. करत. मामांचा प्रबंध एवढ्यातच आटोपलेला.

न्यूट्रॉन सुटतात त्या पिंपातून धातूची चकती चिमट्यानं काढायची, शिशाच्या विटांच्या घरात डिटेक्टरसमोर ठेवायची, वेळ लिहायची, हे काम मामांचं. बाहेरचा कोणताही किरण आत शिरू नये म्हणून ते घर.

श्रावणात मामांची बायको, चतुराबाई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामा कामावर. रडले नाहीत. चहात साखर टाकायची विसरले आणि तसाच प्यायले. आम्हीही प्यायलो. विचारलं तर म्हणाले, "बरं हाय." काहीही विचारलं तरी तेच.

दिवाळीआधी मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. आलेखात पोटॅशियमच्या किरणांचं टोक नको तेवढं वर आलं होतं आणि त्यांच्या धातूचं टोक त्यात बुडत होतं.

"मामा, सोमवारी आकडे द्यायचेत. हे कुठून आलं तेच कळत नाही. तीन महिन्यांची सगळी मापं फेकावी लागणार."

त्यांनी भिंत तपासली, फरशी तपासली, स्वतःचा जेवणाचा डबासुद्धा बाहेर नेऊन ठेवला. मामा उभे होते. मग म्हणाले, "म्याडम, राखेत ते पोटॅशियम असतं का?"

"लाकडाच्या राखेत पुष्कळ. का हो?"

मामांनी शिशाच्या घराची मागची वीट सरकवली. आत मिसरीची पत्र्याची डबी.

"चतुराची हाय. डबी बी, राख बी. भावकीतला सिदूभाऊ म्हनला, राख घरात ठेवत न्हाईत. मंग हितं ठेवली. हितं कुनी हात लावत न्हाई, म्हनून."

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"तेराव्यानंतर कामावर आलो त्या दिसापासून. हललेली न्हाई."

"डबी ठेवायच्या आधीची मापं चांगली आहेत मग. आणि नंतरची..." त्या एकदम उठल्या. "मामा, डबी तिथंच ठेवा! एक दिवस चकतीशिवाय मोजू. डबीचं जेवढं येईल, तेवढं वजा करू. वाचलो!"

दिवसभर यंत्र एकट्या डबीचे किरण मोजत राहिलं. मामा समोर स्टुलावर बसून आकडा बघत होते.

"हे असं किती दिस चालतं, म्याडम?"

"पोटॅशियमचं? निम्मं व्हायला सव्वाशे कोटी वर्षं."

"लई हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आकडे जुळले. मामांनी डबी काढली, वीट बसवली. "उद्याची सुट्टी पायजे. गंगेला, गोदावरीवर जाऊन येतो."

"कारण काय लिहू?" मॅडमनी अर्ज पुढं ओढला.

मामांनी डबी धोतराच्या सोग्यानं पुसली. "लिवा, चतुराला पोचवायला."

मॅडमनी तसंच लिहिलं. प्राचार्यांनी काही न विचारता सही केली.