काकांच्या पावलांचं वेळापत्रक

२००३च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या लोकल रेल्वेच्या वेळापत्रक विभागात मी कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले, तेव्हा विभागातले ज्येष्ठ श्री. वसंत हुद्दार यांनी पहिला प्रश्न विचारला, "बूट कोणते आहेत तुझे?" हुद्दार मूळचे नागपूरचे, बर्फाची काळजी करत असतील, असं मला वाटलं. पण त्यांना मला फलाटावर चालवायचं होतं.

तीन राज्यांतल्या उपनगरांच्या गाड्या एका शहरात आणणं म्हणजे तीन सुनांना एकाच ओट्यावर स्वयंपाक करू देणं. हुद्दारकाका ते वर्षानुवर्षं न कुरकुरता करत आले आहेत. त्यांचा नियम एकच: गाडी बदलायला लागणारा वेळ प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय वेळापत्रकात घालायचा नाही.

मी मात्र अतिशहाणी. राज्याच्या सीमेवरच्या जंक्शनला मी अंदाजानं तीन मिनिटं धरली आणि "चालून पाहिलं, काका" असं चक्क खोटं सांगितलं. त्यांनी विश्वासानं सही केली. नवं वेळापत्रक लागू झालं आणि पलीकडच्या फलाटावरची पुढची गाडी लोकांच्या डोळ्यांदेखत सुटू लागली. पाळणाघरं सहाला बंद होतात. मुलांना घ्यायला उशीर होऊन त्यांच्या आया रडकुंडीला आल्या. "हे कुणाचं काम?" वरिष्ठांनी विचारलं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की परतीचं तिकीट.

"सही माझी आहे. माय मिस्टेक," काका म्हणाले. त्या खेपेला त्यांची बढती हुकली, हे मला वर्षभरानं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मला त्यांनी मोकळं सोडलं नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी जंक्शनवर उभं केलं. "लोकांना सॉरी म्हण, आणि त्यांच्याबरोबर चाल." एका आजींचा हात धरून जिना उतरले, सहा मिनिटं लागली. "राज्याची बॉर्डर नकाशावर असते बेटा, लोकांना फक्त जिना दिसतो," असं म्हणून काकांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली. ती पोळी आठवली की आजही लाज वाटते, आणि भरूनही येतं.

यंदा काका साठ वर्षांचे होत आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे. तरी गेल्या महिन्यात नव्या वेळापत्रकासाठी ते काठी टेकत त्याच फलाटावर आले. "माझ्या स्पीडनं मोजू नकोस गं, गाड्या लेट होतील!" त्यांना सात मिनिटं लागली. मी सातच लिहिली.

काकांना उदंड आयुष्य लाभो, गुडघा त्यांना साथ देवो. घाई मात्र त्यांनी करू नये. वेळापत्रकावर आता सही माझी असते. काका येईपर्यंत गाडी फलाटावरच असेल.