जोसेफअप्पाचं घर उतरवलं तेव्हा

नागप्पा मरायला टेकला होता आणि मरत नव्हता. त्याच्या बायकोला, अनसाबाईला, त्याची घाई झाली होती, आणि त्या घाईची तिला इतकी शरम वाटायची की पेज भरवताना ती त्याच्या तोंडाकडं बघायचीच नाही.

खाणवस्तीत मयत घरात ठेवत नसत. ठेवणार कुठं? पत्र्याच्या खोल्या एवढ्याशा, की मेलेल्याला आडवं केलं तर जिवंतांनी बाहेर उभं राहायचं. चर्चला रात्री कुलूप. म्हणून मयत न्यायची जोसेफअप्पाच्या घरात. संत जोसेफ कामगार भवन हे त्याचं खरं नाव, पण ते फक्त फादरांच्या तोंडात. लाल दगडाची ऐसपैस इमारत, वर पत्रे. वस्तीतल्या कॅथलिक कामगारांनी ती स्वतः बांधलेली. शनिवारी काम सुटलं की प्रत्येकानं खाणीतून एक चिरा डोक्यावर आणायचा, असा नेम. तिथंच लग्नं लागली, तिथंच संप ठरले. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, कामगारांच्या या संताच्या सणाला, टिकाव-पहारी ओळीनं मांडायच्या आणि फादरांनी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं. आणि जो मेला तो एक रात्र तिथं निजायचा. भोवती बसून सगळे जपमाळ म्हणायचे, मधेच कुणी, बहुतेक नागप्पाच्या शेजारचा शिवय्याच, मेलेल्याची नक्कल करायचं, हसू फुटायचं, पुन्हा जपमाळ.

नागप्पाच्या छातीत खाणीची धूळ बसलेली. त्याचं एकच मागणं होतं. "अन्से, मला तिथं ठेव. शिवय्यानं माझी नक्कल केल्याबगर मी जायचा न्हाई."

पण जागा खाणमालकाची. थोरल्या मालकानं ती नुसत्या तोंडी शब्दावर दिलेली. थोरले गेले, त्यांचा लेक अंकुशराव कारभार बघू लागला, खाण बंद पडली, रस्ता रुंद झाला आणि त्या जागेवर पेट्रोल पंप ठरला. अंकुशराव गोड बोलायचा. वस्तीला म्हणाला, "तुमचं घर मी कशाला पाडू? तुमच्या हातानंच उतरवा. दगड सांभाळा, चर्चजवळ तसंच उभं करून देतो."

अनसाबाई त्याच्याकडं गेली.

"मालक, जरा दम धरा. आमच्या ह्यांचं व्हऊ द्या."

"काय व्हऊ द्या?"

तिला तो शब्द तोंडातून काढावा लागला.

"डॉक्टर काय म्हणायलाय?"

"आज-उद्या म्हणायलाय. पावसाळ्यापासून तेच म्हणायलाय."

"मग मी पंपवाल्यांना काय सांगू, बाई? नागप्पा उरकला की या म्हणू?" मग त्यालाच कसंतरी वाटलं. "येत्या रविवारपतुर थांबतो. फुडं न्हाई."

शिवय्याला मुदत सांगून, दळण घेऊन ती घरी आली तर नागप्पा उठून बसलेला.

"आज बरं वाटायलंय. भाकर कर की. संगट ठेचा."

"ठेचा सोसंल व्हय?"

"न्हाई सोसला तर तुझं काम हलकं." तो खोकला, थांबला. "शिवय्या सांगून गेलाय. रविवारची मुदत हाय म्हणं."

तिनं पिठात पाणी घातलं.

"मी काय मुद्दाम करायलोय का, अन्से? मी बी वाटच बघायलोय."

तिनं भाकर तव्यावर टाकली आणि चुलीपुढं बसून राहिली. भाकर करपली. त्यानं करपलेली खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाला.

शनिवारी ती चर्चमधल्या जोसेफअप्पाच्या मूर्तीपुढं जाऊन उभी राहिली. चांगलं मरण द्यायचं काम याच संताकडं, असं फादर सांगायचे. तिला तोंड उघडता येईना. मागावं तर नवऱ्याचा जीव मागितल्यासारखं. न मागावं तर त्याचं मागणं बुडणार. ती काही न मागता परतली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली आणि लोकांनी पहारी काढल्या. नागप्पा हट्टाला पेटला, "माझी खाट तिथं न्या." नेली. तो खाटेवरून हुकूम सोडू लागला.

"शिवय्या, कोपरा धरू नको रं. आधी वरचा थर मोकळा कर."

"अण्णा, तू मरायलास का मुकादमी करायलास?"

"दोन्ही करायलोय. पहार आडवी घाल. चिरा फुटला तर थोबाड फुटंल."

तरणा मल्लिकार्जुन म्हणाला, "अण्णा, फोडून टाकलं तर दुपारपतुर मोकळं व्हतोय की."

"कामून फोडायचं? पुन्हा लावायचेत की ते."

अंकुशराव फिरत आला, एक चिरा हातानं चाचपून म्हणाला, "वा. टवका सुद्धा न्हाई." आणि सगळ्यांना, अनसाबाईला सुद्धा, बरं वाटलं. दिवसभर राबून त्यांनी आपलं घर कडेला रचून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आले, भरले आणि चर्चकडं न वळता कमलनगरच्या रस्त्याला लागले. मल्लिकार्जुन मागं धावला. ड्रायव्हर म्हणाला, "मंगल कार्यालयाच्या कंपाउंडला चाललेत. साबूत दगड हवा व्हता त्यांना. फुटका असता तर कोण घेतंय?"

हे नागप्पाला सांगायचं नाही असं ठरलं. पण खोलीच्या पत्र्यातून सगळं ऐकू यायचं.

"म्याच सांगितलं," तो म्हणाला. "फोडू नका म्हणून."

"तुम्हाला काय ठावं व्हतं?"

"फोडलं असतं तर रस्त्यात पडून राहिलं असतं. आपलं म्हणायला."

त्यानंतर त्यानं पेज घेतली नाही. मंगळवारी उन्हं तापायच्या आत तो गेला.

शिवय्या दारात उभा. "अक्का, आजच नेऊ. ठिवायचं कुठं?"

"एक रात्र, शिवय्या."

"कुठं पण?"

तिनं खोलीकडं बघितलं. बाहेर बघितलं. जोसेफअप्पाच्या घराच्या जागी पोकलेन पाया उकरत होतं आणि धुरळा दारापर्यंत येत होता.

"तुझ्या घरी?"

"माझ्या घरी पोरंच बसून झोपायलेत, अक्का."

दुपारी त्याला पुरलं. वस्तीत रात्र न मिळता गेलेला तो पहिला.

अंधार पडताना माणसं जपमाळ घेऊन आली. आत अनसाबाई आणि तिच्या दोन जावा बसल्या की खोली भरली. बाकीचे धुरळ्यात उभे राहिले. एकानं प्रार्थना सुरू केली. पोकलेनच्या आवाजात मागच्यांना शब्द लागेनात, ते चुकू लागले. मग एकेक जण निघाला.

शिवय्या शेवटी राहिला. अनसाबाई म्हणाली, "कर की त्यांची नक्कल."

त्यानं तोंड उघडलं. खोकला सुद्धा काढता आला नाही त्याला. "सकाळी येतो, अक्का," म्हणाला आणि गेला.