गार्डने गप्प राहून चालत नाही

मागच्या शुक्रवारी इथे आखातात, अल हैलच्या आमच्या बास्केटबॉल कोर्टवर मर्लीची शेवटची मॅच होती. त्या संध्याकाळबद्दल कोणाला तरी सांगायचं होतं... घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

नवरा दूर दुक्मला रिफायनरीच्या प्रोजेक्टवर. पंधरा दिवसांनी येतो, झोप काढतो, डबे भरून घेतो आणि परत जातो. मुलगा मागच्या वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. आपली माणसं भेटतात ती एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला, नाहीतर कुरुमला खरेदी करताना... एरवी फ्लॅट, एसीची घरघर आणि मी.

मुलगा इथे होता तेव्हा आम्ही दोघं अमेरिकन लीगच्या बास्केटबॉल मॅचेस बघायचो. तो लांबून बास्केट करणाऱ्यांवर फिदा. मी मात्र गार्ड बघत बसायचे... बॉल पुढे आणणारा, कोणी कुठे जायचं ते ठरवणारा. शाळेत असताना नागपूरला मी त्याच जागेवर खेळायचे ना!

ती मोठी माणसं काय खेळतात! बॉल हाताखाली नाचत असतो, पण नजर बॉलवर कधीच नाही. सगळे त्यांच्या स्पीडचं कौतुक करतात, मला मात्र त्यांचं हळू होणं आवडतं. पळता पळता जरा सैल पडतात, समोरचाही सैलावतो... की हे गेलेच.

मुलगा गेल्यावर त्याचा बॉल घेऊन मी संध्याकाळी बिल्डिंगमागच्या कोर्टवर जायला लागले. वय चव्वेचाळीस, गुडघे कुरकुरतात, आणि डावा हात तर कोणाकडून उसना आणल्यासारखा. कोणी बघत नाही ना, एवढं बघायचं आणि टप्पे मारत राहायचं.

तिथेच मर्ली भेटली. फिलिपिन्सची, हॉस्पिटलमध्ये नर्स, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. दर शुक्रवारी ती आणि तिच्या ओळखीच्या मुली तिथे खेळायच्या. एकदा त्यांच्यात एक जण कमी पडली, तर तिने लांबूनच मला हात केला... 'यल्ला, कम!'

मुली मला 'आते' म्हणायला लागल्या. मला वाटलं, आत्या म्हणतायत की काय! नंतर कळलं, त्यांच्या भाषेत ताईला 'आते' म्हणतात. काही का असेना... इतक्या महिन्यांनी कोणीतरी नात्याने हाक मारत होतं.

मर्ली फारशी पळायचीच नाही. पण मी मोकळी आहे हे मला कळायच्या आत तिचा पास माझ्या हातात असायचा. टीव्हीवर बघितलेलं ते सगळं... इथे, साध्या सिमेंटच्या कोर्टवर, नाइट ड्युटी करून आलेल्या बाईच्या हातात!

तिने मला डाव्या हाताने दात घासायला लावले, डाव्या हाताने भाजी ढवळायला लावली. हसू नका, फरक पडला. मान वर ठेवून बॉल न्यायला शिकले, हळू होऊन निसटायलाही थोडं थोडं जमायला लागलं.

एकच गोष्ट सुधारत नव्हती. "तू बोलतच नाहीस," मर्ली म्हणायची. "तुला सगळं दिसतं, पण आम्हाला कसं कळणार? गार्डने गप्प राहून चालत नाही."

मागच्या शुक्रवारी मॅच अर्ध्यावर आली आणि मर्लीचा गुडघा धरला. ती लंगडत बाकावर जाऊन बसली आणि बॉल माझ्याकडे द्यायची खूण केली. पहिल्या दोन-तीन वेळा मी बॉल घालवला. आमची जॉय पलीकडे एकटी मोकळी उभी... मला दिसत होती, पण घशातून आवाजच फुटेना.

खरं सांगू? त्या आठवड्यात फोन सोडला तर दुकानदाराला 'शुक्रान' म्हणण्यापलीकडे माझं तोंड उघडलंच नव्हतं.

"टॉक! टॉक टु देम!" मर्ली बाकावरून ओरडली.

मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते इंग्लिश नव्हतंच. "जॉय! मागं पाय! अवं मागं पाय नं!" मागे बघ, एवढंच... पण अगदी आमच्या नागपूरच्या मैदानावरचं. जॉय गर्रकन वळली, पास तिच्या हातात बसला... आणि बास्केट!

मग मी थांबलेच नाही. तिकडं जा, थांब, सोड इकडं... काय काय ओरडले देव जाणे. कोणी काही विचारलं नाही, पोरी सांगेन तिथे पळत होत्या. मॅच थोडक्यात हरलो, पण घसा पार बसला होता.

"ही कुठली भाषा?" मर्लीने विचारलं. म्हटलं, मराठी. "गार्डसाठी चांगली भाषा आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मंगळवारी ठरल्याप्रमाणे ती कायमची फिलिपिन्सला परत गेली, बहिणीकडे. त्या संध्याकाळी फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा आतली शांतता रोजच्यापेक्षा जास्त वाटली... हेही लिहिलंच पाहिजे.

काल परत शुक्रवार. जाऊ की नको करत शेवटी गेले. मर्लीशिवाय कोर्ट जरा मोठंच वाटत होतं. जॉयने बॉल माझ्याकडे टाकला आणि चौघी जणी तशाच थांबल्या, माझ्या तोंडाकडे बघत... मी काय म्हणते याची वाट बघत.

माझ्या बोलण्याची अशी वाट कोणी शेवटची कधी पाहिली होती, आठवत नाही. थँक यू, मर्ली... गुडघा लवकर बरा होऊ दे गं.