एकतीस सह्यांची महिला सभा

दुपारचे तीन. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, एक गुंडाळलेली सतरंजी आणि हजेरीवहीत एकतीस सह्या. बाई एकच: मी, आठ महिन्यांपूर्वी निवडून आलेली सदस्य. कालची महिला ग्रामसभा झालीच नाही. सह्या बचत गटाचा कागद आहे असं सांगून घरोघर घेतल्या. ठराव मात्र तयार आहे: आठवडी बाजारातली बायकांच्या शौचालयाची जागा दुकानगाळ्यांना द्यावी, एकमताने मंजूर. अध्यक्ष म्हणून माझी सही तेवढी राहिली आहे. ग्रामसेवक चहा सांगायला गेलेत. डोळे जड होतात.

समोरच्या खुर्चीत गोदाआत्या बसलेली आहे. गावातली पहिली बाई सरपंच. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

"खुर्चीत कशी काय गं?" मी विचारते.

"आता कोण उठवतंय? जिवंतपणी हे खुर्चीत आणि मी सतरंजीवर." ती वही पुढे ओढते. "किती जणी आल्या?"

"एकतीस."

"डोळ्यांनी मोजल्यास?"

मी सह्यांवरून बोट फिरवते.

"आमच्या वेळी रॉकेल आलंय सांगून अंगठे घ्यायचे. तुम्ही शिकलात, म्हणून सह्या."

आम्ही बाजारात आहोत. टेबल तेच, भोवती मेथीच्या जुड्या. विकणाऱ्या बायकांपुढे भरलेले तांबे आहेत. एकीनेही पाण्याला तोंड लावलेलं नाही.

"बाजाराच्या दिवशी मीही सकाळपासून पाणी प्यायचे नाही," आत्या म्हणते. "सरपंचबाईनं आडोसा कुठं शोधायचा?"

"मग ठराव का नाही मांडलास?"

"ठराव हे लिहायचे. मी खाली सही करायचे."

तांबे आता माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओट्यावर आहेत. आत्या एकेक उचलून पाहते.

"इथं काय करायचीस तू?"

"मोजायचं. दिसेल ते लिहायचं."

"आणि दिसलं नाही तर?"

"शून्य लिहायचं."

"मग त्या वहीत शून्य का नाही, बये?"

"मॅडम, चहा." ग्रामसेवक दारात उभे आहेत. "झाली का सही?"

माझ्या हातातलं पेन उघडं आहे. पानावर पहिल्या सहीपासून एकतिसाव्या सहीपर्यंत एक तिरकी रेघ आहे. शाई अजून ओली.

"अहो, हे काय केलंत? वरती पाठवायचं होतं आज!"

"सभा परत बोलवा. बुधवारी, बाजारातच."

बुधवारी सत्तेचाळीस बायका जमल्या. हात वर करून मतं घेतली: ठरावाच्या बाजूने दोन, विरोधात पंचेचाळीस.