पूर्णेच्या रेतीबद्दल मी दिलेलं उत्तर

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशात पूर्णा अगदी वर, उत्तरेला आहे. पूर्वेकडून येते आणि पश्चिमेला तापीकडे निघून जाते. आम्हा खामगावकरांना ती बसच्या खिडकीतून, पुलावरून माहीत असते. मला ती खालून माहीत होती, कारण माझ्या मामांचं गाव तिच्या काठावर आहे.

तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. ते भांड्यांना, कपड्यांना, जनावरांना. पिण्याचं पाणी नदीचं, पण वाहतं नव्हे. उन्हाळ्यात पात्र आटलं की मामी रेतीत हातांनी खड्डा करायची. त्याला झिरा म्हणतात. पहिलं गढूळ पाणी फेकायचं, मग बसून राहायचं. तळाशी नितळ गोड पाणी जमलं की ते वाटीने हंड्यात भरायचं. घाई केली की पुन्हा गढूळ. सुट्टीत मी तिच्याशेजारी बसायचे. तिथे मला कुणी बोलायला लावत नसे.

शाळेत मी नदीचे उपयोग इंग्रजीतून पाठ केले होते. सिंचन, वीज, जलवाहतूक. त्यात झिरा नव्हता. पात्रातल्या रेतीवर पिकणारी डांगरं, म्हणजे खरबुजं, नव्हती. परीक्षेत मी पूर्णेतून बोटीने मालवाहतूक होते असं लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले.

नववीनंतरच्या सुट्टीत गावात रेतीचा विषय निघाला. ठेकेदाराची माणसं घरोघर सांगत होती की रेती काढली की नदी खोल होईल, उन्हाळाभर डोह राहील. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. दुपारी जेवताना, चार पाहुण्यांसमोर, मामांनी मला विचारलं, "तू इंग्लिश शाळेत शिकून राह्यली, सांग बरं. रेती काढली त पाणी वाढते का कमी होते?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. माझे कान तापले. धरणातला गाळ काढला की साठा वाढतो, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. धरणाचं ते मी नदीला लावलं. सुटका व्हावी म्हणून.

"वाढतं," मी म्हणाले. "खोल होतं ना."

"पाह्य!" मामा मामीला म्हणाले. "पुस्तकात लिहेल हाये."

मामी भाकर थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

ग्रामसभेत मामांनी उभं राहून तेच सांगितलं, माझ्या शाळेच्या नावासकट. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग पुस्तकालेच झिरा खोदायले लाव बे!" लोक हसले. ठराव मंजूर झाला.

दोन उन्हाळ्यांत ट्रॅक्टरांनी पात्र खरवडून नेलं. खाली काळी चिकण माती निघाली. डोह झाले, पण त्यांत साचलं ते हिरवं पाणी, म्हशींपुरतं. झिरा लागेना. डांगरं बंद झाली. आता तालुक्याहून ऑटोतून पाण्याचे कॅन येतात. ज्या दिवशी ऑटो येत नाही, त्या दिवशी मामा-मामी विहिरीचं खारं पाणी पितात.

गेल्या उन्हाळ्यात मी मामीला म्हणाले, "रेतीचं मीच सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं. झिरा काय मी पुस्तकात पाहून खोदत होती? रेती हाये त पाणी हाये. सभेत उठणारच होती मी."

"मग उठली का नाहीस?"

"तुह्या मामानं तुह्या शाळेचं नाव घेतलं ना. एवढी शिकलेली भाची, चार लोकांत तिले खोटी कशी पाडाव?" तिने पदराने तोंड पुसलं. "तुहा काय दोष? तुले माहीत नव्हतं. मले माहीत होतं."

तिच्या रागाची मी इतकी वर्षं तयारी केली होती. या उत्तराची नव्हती.

बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. बायका धावल्या. मी रिकामा कॅन उचलला. म्हटलं, "मी जाते."

मामीने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बस तू," ती म्हणाली. "तिथं भांडाव लागते. तुले तोंड उघडता येते का?"