पाण्याच्या कमानींखाली

टोरांटोतल्या आमच्या शनिवारच्या वॉकिंग ग्रुपचे किस्से बर्फासारखे साचतात. एक शोव्हल करून बाजूला टाकेपर्यंत दुसरा ड्राइव्ह-वेवर हजर! थंडी वाढली की बाहेरचं चालणं बंद. मग आम्ही मॉलमध्ये फेऱ्या मारतो, फूड कोर्टात कॉफी घेऊन बसतो, आणि कोणीतरी म्हणतंच, "ए, ते रोमचं काढा ना!"

ग्रुप तसा छोटा. नॉर्थ यॉर्कचे देशपांडेकाका, रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि वसुधाकाकू. मिल्टनचा मिलिंद, सॉफ्टवेअरवाला. त्याची आई कौसल्यामावशी, लातूरकडच्या, आता कायमच्या इथे. मिलिंदची मुलगी आर्या, वय वर्षं पंधरा. आणि स्कारबरोची मी.

०००

रोमचं खूळ देशपांडेकाकांचं. मिलिंदच्या बेसमेंटमध्ये त्यांनी आम्हाला स्लाइड शोच दाखवला. "हा जलसेतू! लांबच्या डोंगरातलं पाणी शहरात आणायचा कालवा, उंच कमानींवरून नेलेला. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार!" मग उताराचं गणित. मग चुन्याचं मिश्रण. मग पुन्हा उतार. आर्या बीन बॅगवर झोपून गेली.

शेवटी दिवे लागले. "रोमच्या बाहेर शेतांमधून या अवशेषांची गाइडेड वॉक असते. आपण जाऊ या. काही प्रश्न?"

वसुधाकाकूंनी हात वर केला. "वॉशरूम आहे का तिथे?"

काकांनी तिथल्या तिथे इटलीला फोन लावला. आहे म्हणाले. मग तिकिटं बुक झाली!

०००

आमची गाइड फ्रांचेस्का. उन्हाने रापलेली, पन्नाशीची, पायात मातीने भरलेले बूट. शेताच्या फाटकाशी तिने हसून विचारलं, "तुम्ही कुठले?"

"पुणे," देशपांडेकाका म्हणाले. चाळीसेक वर्षं कॅनडात काढून!

"टोरांटो," मिलिंद म्हणाला.

"लातूर जिल्हा," कौसल्यामावशींनी मराठीतच ठासून सांगितलं.

"मिल्टन," आर्या पुटपुटली.

फ्रांचेस्काने हातातल्या कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे तर एकाच ग्रुपचं बुकिंग आहे!"

०००

वाट गव्हाच्या शेताच्या कडेकडेने जात होती. डावीकडे कमानींची रांग, पार टेकडीपर्यंत. मध्येच पडझड, मध्येच पुन्हा सलग. आम्ही सगळेच माना वर करून चालत होतो. तेवढ्यात समोरून मेंढ्यांचा कळप आला आणि कळपाबरोबर एक भलंमोठं पांढरं कुत्रं. ते भुंकत थेट आमच्या अंगावर!

फ्रांचेस्का इटालियनमध्ये ओरडली. मेंढपाळ लांबून ओरडला. मिलिंद इंग्लिशमध्ये "इझी बॉय, इझी" करत मागे सरकत होता. कुत्र्यावर ढिम्म परिणाम नाही.

वसुधाकाकू एक पाऊल पुढे झाल्या, पर्स उगारली आणि म्हणाल्या, "हाड! हो मागे!"

कुत्रं थबकलं. शेपूट खाली घालून कळपात गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. कळप जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"माझ्या नातवाला माझं एक वाक्य कळत नाही गं," त्या मला म्हणाल्या. "आणि याला बघ, पहिल्या शब्दात कळलं."

०००

पुढे फ्रांचेस्काने सांगितलं की एका वेढ्यात शत्रूने हे कालवेच तोडले. शहराचं पाणी तुटलं. मग लोकांनी उंचावरची घरं सोडली आणि नदीकाठी जाऊन राहिले.

"जस्ट लाइक दॅट?" आर्याने एअरपॉड काढून विचारलं. "घर सोडून? फक्त पाण्यासाठी?"

मिलिंदने हे आईला मराठीत सांगितलं. मावशींनी नातीकडे वळून पाहिलं. "अगं, गेल्या थंडीत घरातला पाइप गोठला, तेव्हा दुपारच्या आत 'हॉटेलात जाऊ' कोण म्हणत होतं? ही माणसं निदान नदीपर्यंतच गेली!"

"आजी, दॅट्स डिफरंट!"

"कसं काय डिफरंट? मिलिंद, त्या गाइडला म्हणावं, हिचं नाव पण लिही त्या इतिहासात!"

०००

एका कमानीपाशी देशपांडेकाका मागे राहिले. मी वळून पाहिलं, तर हे दगडावर तळहात ठेवून उभे. मला वाटलं, चक्कर आली. मी जवळ गेले.

"फ्रांचेस्काला विचार," ते म्हणाले, "याच्या इंजिनिअरचं नाव काय?"

मी विचारलं. फ्रांचेस्का म्हणाली की बांधायला लावणाऱ्या सम्राटांची नावं सापडतात. ही नेमकी कमान कोणी आखली, कोणी उभी केली, ते कुणालाच माहीत नाही.

काकांनी मान हलवली. मग चालता चालता सांगू लागले. कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी वेअरहाउसमध्ये खोकी उचलली. पुण्याची डिग्री कोणी धरत नव्हतं. मग इंजिनिअरचं लायसन्स मिळालं आणि पहिलं काम आलं ते हायवेवरच्या एका छोट्या पुलाचं. दर रविवारी वसुधाकाकूंना गाडीत घालून ते त्या पुलावरून नेऊन आणायचे. काकू विचारायच्या, "पलीकडे काय आहे?" हे म्हणायचे, "काही नाही. परत यायचं."

"मागच्या वर्षी पाडला," काका म्हणाले. "रस्ता रुंद करायचा होता. मी बघायला गेलो होतो. सकाळी होता, दुपारी नव्हता."

"काका, हा तर अजून उभा आहे," असं काहीतरी मी बोलून गेले.

त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. "हो. पण नाव याच्या इंजिनिअरचंही नाही आणि माझंही नाही. म्हणजे आम्ही बरोबरीत सुटलो!"

०००

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना फूड कोर्टातही आम्ही आवाज कमी करतो.

वाट संपत आली होती. ऊन चढलं होतं. फ्रांचेस्का सांगत होती की शहरात आलेलं पाणी रस्त्यावरच्या हौदांत पडायचं, आणि तिथून कोणीही भरून न्यायचं.

कौसल्यामावशी थांबल्या. "मिलिंद, विचार तिला. कोणीही म्हणजे कोण?"

मिलिंदने विचारलं. "कोणीही," फ्रांचेस्का म्हणाली. "बहुतेक घरांचं पाणी गुलामच भरायचे."

"गुलाम? ते स्वतः हात लावायचे पाण्याला?"

हे इंग्लिशमध्ये सांगायला मिलिंदला जरा वेळ लागला. फ्रांचेस्का हसली. "अर्थात! हात लावल्याशिवाय भरणार कसं?" मग मावशींचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं.

मावशी कमानीकडे बघत बोलल्या, साध्या आवाजात. "आमच्या गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीला चढू देत नव्हते. माझी आई घागर घेऊन खाली बसायची, मी तिच्याजवळ. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना म्हणायचं, वाढा हो बाई पाणी. कुणी वरून ओतलं तर ओतलं. कधी दुपार व्हायची."

आर्याला सगळे शब्द कळले नसावेत. पण तिने आजीचा हात धरला. देशपांडेकाका बुटांकडे बघत होते. आम्ही तसेच पुढे निघालो.

फाटकाच्या अलीकडे एक लोखंडी नळ होता, गुडघ्याच्या वर येणारा, वाकड्या तोंडाचा. पाण्याची धार सतत चालू. फ्रांचेस्काने गंमत दाखवली. खालचं तोंड हाताने दाबून बंद केलं की वरच्या बारीक भोकातून पाणी कारंज्यासारखं उसळतं. वाकायचं आणि थेट तोंडाने प्यायचं.

"सर गं बाई बाजूला," मावशी तिला मराठीत म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा तळवा नळाच्या तोंडाला लावला. पाणी उसळलं. थोडं त्यांच्या बोटांवरून, बांगड्यांवरून खाली सांडत होतं.

"या. एकेकाने या."

आर्या प्यायली. मिलिंद प्यायला. वसुधाकाकू प्यायल्या, मी प्यायले. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले.

देशपांडेकाका शेवटी उरले. हातात रिकामी बाटली. बाटली भरायची तर धार हवी, आणि धारेवर मावशींचा हात.

"या देशपांडेसाहेब," मावशी म्हणाल्या. हात त्यांनी काढला नाही.

काकांनी टोपी काढली. बाटली गवतात ठेवली. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि प्यायले. खूप वेळ प्यायले. सरळ झाले तेव्हा हनुवटीवरून शर्टावर पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं."

मावशींनी हात काढला, पदर कमरेला खोचला.

"मग आता तुम्ही धरा. मला प्यायचंय."